एकट्याने ६३ गुण केले, तरी टीम हरली! गुणी खेळाडूला मोठे साथीदार हवेतच का?

गेल्या डिसेंबरमध्ये मावशीकडे इंदूरला गेले होते. पहिल्याच रात्री जेवणं आटोपली आणि घरात एकच विषय निघाला, माझा मावसभाऊ. वय वर्षं चौदा, उंची बाबांपेक्षा चार बोटं जास्त आणि डोक्यात चोवीस तास बास्केटबॉल. त्या दिवशी त्याच्या शाळेच्या टीमने सामन्यात ४४ गुण केले होते. त्यातले ३१ एकट्या ह्याचे. तरीही टीम हरली होती आणि हा पठ्ठ्या ताटात बोटं फिरवत गप्प बसला होता.

"बाकीच्या पोरांना साधा पास धरता येत नाही गं," मावशी वैतागून म्हणाली. "हा एकटा किती पळणार?"

काकांनी दुसऱ्या शहरातल्या एका क्रीडा होस्टेलची माहिती आणली होती. तिथे राज्य पातळीवर खेळलेली मुलं होती. पण फी डोळे पांढरे करणारी, पुढच्या वर्षी दहावी, आणि पोरगं आजवर कधी घराबाहेर राहिलेलं नाही. मी पहाटे अलार्म लावून अमेरिकेतले एनबीएचे सामने बघते हे सगळ्या नातेवाइकांना ठाऊक आहे. त्यामुळे प्रश्न फिरून माझ्याकडे आला.

"ताई, तूच सांग. चांगली टीम मिळाली नाही तर मी असाच राहीन का?"

त्या रात्री मला धड उत्तर देता आलं नाही. नंतर मात्र हा प्रश्न डोक्यातून जाईना. म्हणून या खेळातल्या काही मोठ्या खेळाडूंच्या सुरुवातीच्या वर्षांकडे मी पुन्हा एकदा नीट पाहिलं. हे उत्तर त्याच्यासाठी आहे, आणि "आमचा मुलगा चांगला खेळतो हो, पण टीम काही कामाची नाही" असं म्हणणाऱ्या प्रत्येक घरासाठीही.

एक बॉल, पाच जण

आधी खेळाचं गणित बघू. क्रिकेट किंवा फुटबॉलमध्ये एका बाजूला अकरा जण असतात. बास्केटबॉलमध्ये मैदानावर फक्त पाच. तेच पाच जण आक्रमण करतात आणि बचावही तेच करतात. एनबीएचा सामना ४८ मिनिटांचा असतो आणि मुख्य खेळाडू त्यातली ३५ ते ४० मिनिटं सहज खेळतो. म्हणून या खेळात एका माणसाचा प्रभाव फार मोठा असतो. एकटा सगळं करू शकेल असं वाटतं ते त्यामुळेच.

पण समोरचा प्रशिक्षकही दुधखुळा नसतो. एक जण फार गुण करतोय म्हटल्यावर तो त्याच्यावर दोन माणसं सोडतो. आता पाचातले दोघे एकावर गेले, म्हणजे उरलेल्या तिघांना चौघांना सांभाळायचं आहे. कुणीतरी एक मोकळा राहणारच. त्या मोकळ्या साथीदाराला बॉल मिळतो का, आणि मिळाला तर त्याला तो बास्केटमध्ये टाकता येतो का, यावर पुढचं सगळं अवलंबून असतं.

दुसरी गोष्ट अमेरिकेतल्या व्यवस्थेची. तिथे नवे खेळाडू 'ड्राफ्ट' नावाच्या निवडीतून संघात येतात. सगळे संघ बरोबरीचे राहावेत म्हणून मागच्या मोसमात खाली राहिलेल्या संघांना आधी निवडायची संधी मिळते. १९८५ पासून त्यासाठी सोडतही काढतात, पण त्यातही सर्वांत कमकुवत संघांचंच पारडं जड असतं. याचा परिणाम गमतीदार आहे. सगळ्यात गुणी पोरगा बहुतेक वेळा सगळ्यात रडतखडत चाललेल्या टीममध्ये जाऊन पडतो! म्हणजे माझ्या मावसभावाचा प्रश्न तिथे दरवर्षी कुणा ना कुणासमोर उभा असतोच.

जॉर्डन: तीन वर्षं, दहा सामने, एक विजय

मायकल जॉर्डनला १९८४ च्या ड्राफ्टमध्ये शिकागो बुल्सने तिसऱ्या क्रमांकावर निवडलं. पहिल्याच मोसमात त्याची सरासरी सामन्यामागे २८.२ गुण होती. दुसऱ्या मोसमात पायाचं हाड मोडलं आणि तो ६४ सामने बाहेर बसला. परतला तेव्हा बुल्स ३० विजय आणि ५२ पराभव अशा केविलवाण्या हिशोबावर कसेबसे प्लेऑफमध्ये, म्हणजे बाद फेरीत पोचले होते. समोर होता बोस्टन सेल्टिक्स, लॅरी बर्ड आणि केविन मॅकहेल यांचा बलाढ्य संघ.

२० एप्रिल १९८६. बोस्टन गार्डनवर जॉर्डनने ६३ गुण केले. प्लेऑफच्या एका सामन्यातला हा विक्रम आजही कुणी मोडलेला नाही. सामना दोनदा जादा वेळेत गेला आणि बुल्स १३५ विरुद्ध १३१ असे हरले. मालिकाही ३-० ने गेली. पुढच्या मोसमात जॉर्डनने सामन्यामागे ३७.१ गुण काढले. पुन्हा बोस्टन, पुन्हा ३-०. पहिल्या तीन वर्षांत मिळून प्लेऑफचे दहा सामने खेळले, त्यातला फक्त एक जिंकला. आणि हा माणूस पुढे जगातला सर्वश्रेष्ठ खेळाडू म्हणून ओळखला गेला!

मग १९८७ मध्ये शिकागोत स्कॉटी पिपेन आला. इथेच आपली एक समजूत तपासून बघायला हवी. 'जॉर्डनला मोठा साथीदार मिळाला आणि तो जिंकला' असं आपण सहज म्हणतो. पण आला तेव्हा पिपेन मोठा नव्हताच. बारा भावंडांतला तो सर्वांत धाकटा, आर्कान्सामधल्या एका छोट्या गावातला. कॉलेजात सुरुवातीला तो खेळाडू म्हणूनही नव्हता, टीमचं सामानसुमान सांभाळायचा. मग उंची वाढली, खेळ वाढला. एनबीएत आल्यावर सरावात रोज जॉर्डनसमोर उभं राहायचं आणि त्याचा मार खायचा, हीच त्याची शाळा होती.

आणि ही शाळा लांबली. डेट्रॉइट पिस्टन्सने १९८८, १९८९ आणि १९९० अशी सलग तीन वर्षं बुल्सला प्लेऑफमधून घरी पाठवलं. १९९० च्या निर्णायक सातव्या सामन्यात पिपेनचं डोकं अर्धशिशीने फुटत होतं. दहा शॉटपैकी त्याचा एकच आत गेला. तेव्हा त्याच्यावर किती टीका झाली असेल याची कल्पना करा.

दरम्यान १९८९ मध्ये फिल जॅक्सन मुख्य प्रशिक्षक झाला. टेक्स विंटर या जुन्याजाणत्या सहायकाची 'ट्रँगल' पद्धत त्याने संघात रुजवली. तिच्यात बॉल एकाच्या हातात अडकून राहत नाही, सगळ्यांमध्ये फिरतो. जॉर्डनला हे लगेच पटलं नाही. इतरांच्या हातात बॉल देऊन हरण्यापेक्षा स्वतः मारलेलं काय वाईट, असं त्याला वाटणं साहजिक होतं.

१९९१ ची अंतिम मालिका लॉस एंजेलिस लेकर्सशी झाली. पाचव्या सामन्यात लेकर्स जॉर्डनला घेरत होते. शेवटच्या टप्प्यात जॅक्सनने त्याला मोकळं कोण आहे असं विचारलं, हा किस्सा बास्केटबॉलच्या जगात सगळ्यांना पाठ आहे. मोकळा होता जॉन पॅक्सन. तो काही मोठा स्टार नव्हता. जॉर्डनने त्याला बॉल दिला, पुन्हा दिला, आणि पॅक्सन एकामागून एक शॉट टाकत गेला. त्या सामन्यात पॅक्सनचे २० गुण, पिपेनचे ३२, जॉर्डनचे ३० आणि शिवाय १० असिस्ट, म्हणजे ज्यावर साथीदाराने बास्केट केलं असे पास. बुल्स पहिल्यांदा विजेते झाले.

१९८६ च्या ६३ गुणांपेक्षा हे ३० कितीतरी मोठे ठरले. पुढे जॉर्डनच्या नावावर सहा विजेतेपदं लागली आणि सहाही वेळा पिपेन त्याच्या शेजारी होता. जॉर्डन पहिल्यांदा निवृत्त झाला तेव्हा, १९९३-९४ च्या मोसमात, पिपेनच्या नेतृत्वाखाली बुल्सने ५५ सामने जिंकले. त्यांना त्या वर्षी विजेतेपद मिळालं नाही, पण एके काळी सामान सांभाळणारा पोरगा कुठवर आला होता हे सगळ्यांना दिसलं.

मॅजिक: ज्याला पहिल्या दिवसापासून सगळं मिळालं

आता नेमकं उलटं उदाहरण. मॅजिक जॉन्सन १९७९ च्या ड्राफ्टमध्ये पहिल्या क्रमांकावर निवडला गेला. नियमाप्रमाणे तो एखाद्या तळाच्या संघात जायला हवा होता. पण एका जुन्या व्यवहारामुळे ती संधी लेकर्सकडे आली होती आणि लेकर्सकडे आधीच करीम अब्दुल-जब्बार होता, त्या काळातला सर्वांत मोठा खेळाडू.

पहिल्याच सामन्यात करीमने शेवटच्या क्षणी शॉट मारून विजय मिळवून दिला. मॅजिक धावत जाऊन त्याच्या गळ्यातच पडला, जणू विजेतेपद मिळालंय! करीमने त्याला शांतपणे आठवण करून दिली की अजून ८१ सामने बाकी आहेत. वरवर बघता ही साधीशी गोष्ट. पण वीस वर्षांच्या मुलाला लांबच्या मोसमाची चाल शिकवणारा कुणीतरी घरातल्या थोरल्या भावासारखा शेजारी असणं, याची किंमत फार मोठी आहे.

त्याच मोसमाच्या शेवटी, १९८० च्या अंतिम मालिकेत, पाचव्या सामन्यात करीमचा घोटा दुखावला. तशाही पायाने त्याने ४० गुण करून सामना जिंकून दिला, पण सहाव्या सामन्यासाठी तो फिलाडेल्फियाला जाऊच शकला नाही. विमानात करीमची ठरलेली जागा रिकामी होती. मॅजिक जाऊन तिथे बसला आणि काळजी करू नका असं सगळ्यांना सांगितलं. मैदानावरही तो करीमच्याच जागी, सेंटर म्हणून उभा राहिला. ४२ गुण, १५ रिबाउंड, ७ असिस्ट. वयाच्या विसाव्या वर्षी विजेतेपद आणि अंतिम मालिकेतला सर्वोत्तम खेळाडू हा मान.

सगळे या ४२ गुणांची गोष्ट सांगतात. त्याच रात्री त्याच्या टीममधल्या जमाल विल्क्सने ३७ गुण केले होते, हे फार थोड्यांच्या लक्षात असतं.

मॅजिकची गुणवत्ता त्याची स्वतःचीच होती, यात वाद नाही. पण चांगल्या घरात पडल्यामुळे ती पहिल्याच वर्षी दिसली. जॉर्डनला त्यासाठी सात मोसम लागले.

गार्नेट: उमेदीची बारा वर्षं

मग ज्याला साथीदार मिळतच नाहीत त्याचं काय? केविन गार्नेट १९९५ मध्ये शाळेतून थेट एनबीएत आला. मिनेसोटा टिंबरवुल्व्ह्जने त्याला पाचव्या क्रमांकावर घेतलं. उंच, चपळ, बचावात वाघ आणि मेहनतीला कधीही मागे न हटणारा.

सुरुवातीला त्याच्या जोडीला स्टीफन मारबरी नावाचा तेवढाच तरुण, तेवढाच हुशार खेळाडू होता. ही जोडी दहा वर्षं राज्य करेल असं वाटत होतं. पण १९९७ मध्ये गार्नेटला सहा वर्षांचा १२.६ कोटी डॉलरचा करार मिळाला, पैशाची गणितं बदलली आणि १९९९ मध्ये मारबरी संघ सोडून गेला. त्यानंतर संघाने एका खेळाडूशी चोरून करार केल्याचं उघडकीला आलं आणि २००० मध्ये शिक्षा म्हणून ड्राफ्टमधल्या पहिल्या फेरीच्या पाच संधी काढून घेण्यात आल्या. पुढे त्यातल्या काही परत मिळाल्या, पण नवं रक्त यायचा रस्ता ऐन गरजेच्या वेळी बंद झाला. चूक ऑफिसातल्या लोकांची आणि भोगली मैदानावरच्या गार्नेटने.

१९९७ ते २००३, सलग सात वर्षं संघ प्लेऑफच्या पहिल्या फेरीत बाहेर पडला. २००३-०४ च्या मोसमासाठी सॅम कसेल आणि लॅट्रेल स्प्रीवेल हे दोन अनुभवी साथीदार आले. त्याच मोसमात गार्नेट मोसमातला सर्वोत्तम खेळाडू, म्हणजे एमव्हीपी ठरला आणि संघ पश्चिम विभागाच्या अंतिम फेरीत पोचला. नंतर ती घडीही विस्कटली आणि सलग तीन वर्षं प्लेऑफसुद्धा हुकले.

अखेर २००७ च्या उन्हाळ्यात तो बोस्टनला गेला. आदल्या मोसमात बोस्टनने जेमतेम २४ सामने जिंकले होते. पॉल पिअर्स तिथे होताच, रे ॲलनही त्याच उन्हाळ्यात आला. त्या मोसमात त्यांनी ६६ सामने जिंकले, विजेतेपद मिळवलं आणि गार्नेट सर्वोत्तम बचावपटू ठरला. तेव्हा तो ३२ वर्षांचा होता.

मला या गोष्टीत एक महत्त्वाचं वाटतं. साथीदार नव्हते म्हणून गार्नेटचं कौशल्य खुरटलं नाही. एमव्हीपी तो मिनेसोटातच झाला. कौशल्य माणूस एकट्यानेही घडवू शकतो. साथीदार नसताना वाया जातो तो काळ. शरीरात सगळ्यात जास्त जोर असतो ती वर्षं परत मिळत नाहीत. पुढे स्वतः गार्नेटनेही बोलून दाखवलं आहे की आपण आधीच निघायला हवं होतं.

साथीदार फारच मोठे असले तर?

इथवर वाचून वाटेल, की झालं, होस्टेलची फी भरा. पण थांबा. जेम्स हार्डनची गोष्ट राहिली आहे.

२००९ मध्ये हार्डन ओक्लाहोमा सिटी थंडरमध्ये आला. तिथे आधीच केविन ड्युरांट आणि रसेल वेस्टब्रुक होते. तिघेही विशीतले आणि तिघेही पुढे एमव्हीपी झाले. ड्युरांट २०१४ मध्ये, वेस्टब्रुक २०१७ मध्ये, हार्डन २०१८ मध्ये. याहून मोठे साथीदार कुठल्या तरुण खेळाडूला मिळणार?

पण बॉल एकच होता. हार्डन बहुतेक सामन्यांत बाकावरून उठून खेळायला यायचा. बदली खेळाडूंमध्ये सर्वोत्तम असा पुरस्कारही त्याने २०१२ मध्ये मिळवला, तेव्हा त्याची सरासरी १६.८ गुण होती. त्याच वर्षी तिघं मिळून अंतिम मालिकेत पोचले आणि मायामीकडून हरले. ऑक्टोबरमध्ये पैशाच्या बोलण्यांत बिनसलं आणि हार्डनला ह्यूस्टनला पाठवण्यात आलं. तिथल्या पहिल्याच सामन्यात त्याने ३७ गुण केले. तो मोसम संपला तेव्हा सरासरी होती २५.९.

हार्डन एका उन्हाळ्यात बदलला नव्हता. ते सगळं त्याच्यात आधीपासूनच होतं, फक्त दोन मोठ्या झाडांच्या सावलीत उन्हाला जागा नव्हती. अर्थात याची दुसरी बाजूही आहे. ओक्लाहोमात हे तिघं एकत्र असताना विजेतेपद कधी आलं नाही, आणि ह्यूस्टनमध्ये इतके गुण करूनही हार्डनच्या हाती ते लागलं नाही. म्हणजे फुलायला जागा लागते आणि जिंकायला जोड लागते. दोन्ही एकाच ठिकाणी मिळणं दुर्मीळ असतं.

यानिस आणि ख्रिस: कुणीच कुणी नव्हते

शेवटची गोष्ट माझी सगळ्यात आवडती. यानिस अँटेटोकूनम्पोचे आईवडील नायजेरियातून ग्रीसला आलेले. अथेन्सच्या रस्त्यांवर भावांबरोबर घड्याळं, गॉगल असल्या वस्तू विकून त्याने घराला हातभार लावला. एकाच बुटांच्या जोडीत दोघा भावांनी आळीपाळीने खेळायचं, असे दिवस त्याने काढले आहेत. ग्रीसमधल्या दुसऱ्या श्रेणीच्या संघात खेळणाऱ्या या काटकुळ्या मुलाला २०१३ मध्ये मिलवॉकी बक्सने पंधराव्या क्रमांकावर निवडलं. त्याच उन्हाळ्यात डेट्रॉइटहून एका अदलाबदलीत ख्रिस मिडलटन नावाचा खेळाडू आला. तो मूळ ड्राफ्टमध्ये एकोणचाळिसावा होता, म्हणजे त्याच्याकडूनही कुणाला फार आशा नव्हती.

पहिल्या मोसमात मिलवॉकीने १५ सामने जिंकले आणि ६७ हरले. क्लबच्या इतिहासातला सर्वांत वाईट मोसम! यानिसची सरासरी होती ६.८ गुण. त्या वर्षी कुणी म्हटलं असतं की हे दोघं पुढे जगज्जेते होतील, तर लोक हसले असते.

पण एक झालं. हरणाऱ्या संघात या दोघांना भरपूर खेळायला मिळालं. चुका करायला मिळाल्या. यानिसने रिंगकडे मुसंडी मारायची, मिडलटनने बाहेरून शांतपणे शॉट घ्यायचा, असं वर्षानुवर्षं खेळता खेळता एकमेकांची सवय झाली. यानिस २०१९ आणि २०२० मध्ये एमव्हीपी झाला, तरी मोठ्या सामन्यांत संघ अडखळतच होता. २०२० च्या शेवटी जरू हॉलिडे हा कसलेला बचावपटू आला आणि उरलेली फट बुजली.

२०२१ च्या अंतिम मालिकेत फिनिक्सविरुद्ध चौथ्या सामन्यात मिडलटनने ४० गुण केले. पाचव्या सामन्यात अगदी शेवटी हॉलिडेने प्रतिस्पर्ध्याच्या हातून बॉल हिसकावला आणि पुढे धावणाऱ्या यानिसला उंच पास दिला. सहाव्या सामन्यात यानिसने ५० गुण केले. मिलवॉकीला ५० वर्षांनी विजेतेपद मिळालं. यानिसला तयार साथीदार आयते मिळाले नव्हते. त्यातला एक त्याच्याबरोबर वाढला आणि दुसरा शेवटी येऊन मिळाला.

मग उत्तर काय?

या सगळ्या गोष्टी शेजारी शेजारी ठेवल्या की एक दिसतं. ड्रिबलिंग, शूटिंग, दमसास या गोष्टी एकट्याच्या मेहनतीने येतात. त्यासाठी महान साथीदार लागत नाहीत. पण दोघांनी घेरलं असताना मोकळा माणूस दिसणं, आपल्यापेक्षा कमी कुवतीच्या साथीदारावर सामन्याच्या शेवटच्या मिनिटाला विश्वास टाकणं, हे एकट्याने शिकताच येत नाही. जॉर्डनलाही ते यायला सात मोसम लागले. आणि गुणवत्ता पूर्ण फुलली असं आपण तेव्हाच म्हणतो, जेव्हा हे दुसरं शिक्षणही झालेलं असतं.

म्हणून मुलासाठी टीम किंवा अकादमी शोधताना मी चार गोष्टी बघेन.

१. खेळायला किती मिळतं? नावाजलेल्या टीममध्ये बाकावर बसण्यापेक्षा साध्या टीममध्ये पूर्ण वेळ खेळणं तेराव्या-चौदाव्या वर्षी जास्त शिकवतं.

२. सरावात त्याला हरवणारा कुणी आहे का? रोज आपणच सगळ्यांत भारी असलो की चुका झाकल्या जातात. सामन्यात नसला तरी चालेल, पण सरावात एक तरी जॉर्डन हवा.

३. हाताशी थोरलं कुणी आहे का? अजून ८१ सामने बाकी आहेत हे सांगणारं माणूस. तो प्रशिक्षक असेल, सीनियर खेळाडू असेल किंवा निवृत्त झालेले सर असतील.

४. मुलगा साथीदारांबद्दल कसं बोलतो? 'त्यांना काही येत नाही' असं म्हणतो, की 'डाव्या कोपऱ्यातून तो बरा मारतो' असं? दुसरं वाक्य आलं की समजावं, पोरगं खेळ वाचायला लागलंय.

यातल्या तीन गोष्टी जुन्या टीममध्ये राहूनही मिळत असतील, तर घर हलवायची घाई नको. आणि वर्षानुवर्षं एकही मिळत नसेल, तर गार्नेटसारखं थांबत बसण्यातही अर्थ नाही. तेव्हा निघावं, आणि जाताना मनाला अपराधी वाटून घेऊ नये.

हे सगळं मी मावशीला फोनवर सांगितलं. दोघांनी बराच विचार केला. होस्टेल तूर्त एक वर्ष पुढे ढकललं आहे. आठवड्यातून तीन संध्याकाळी हा आता कॉलेजच्या मुलांबरोबर सरावाला जातो. तिथे तो सगळ्यांत लहान आहे. पहिल्या महिन्यात रोज रडकुंडीला येऊन घरी यायचा म्हणे. शाळेच्या टीममध्ये मात्र अजून तोच कॅप्टन.

परवा त्याचा मेसेज आला. "ताई, आज १८ पॉइंट आणि ९ असिस्ट."

मी विचारलं, "मॅच?"

"हरलो. पण दोनच पॉइंटनी. आणि माहितीये, तो पास न धरणारा आहे ना, त्याने आज १२ टाकले!"

स्वतःचे १३ गुण कमी झाले याबद्दल तो एक शब्दही बोलला नाही.